नगराचा ताळेबंद नागरिकाच्या हाती



शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन नगरे. एक घोड नदीच्या काठी वसलेले, दुसरे भीमेच्या. एकाची जुनी ओळख इंग्रजांच्या छावणीची आणि बाजारपेठेची. दुसऱ्याची रेल्वे जंक्शनची. ‘स्मार्ट सिटी’ हा शब्द उच्चारला की या नगरांची नावे कोणाच्या ओठी येत नाहीत. परंतु माहिती कोणाच्या हाती असावी, या प्रश्नाचा इतिहास लिहायचा झाला तर त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण याच मातीत सापडते.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावच्या शेतकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. पाच महिन्यांनी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उद्रेक झाला. आजचे दौंड आणि बारामती हे तालुके त्या काळी भीमथडीत मोडत. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदल्या गेलेल्या या उठावाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, तो कागदांवर होता. कर्जरोखे, खतपत्रे आणि खातेवह्या मागून घेऊन त्या जाळण्यात आल्या. कारण उघड होते. आपण किती घेतले, किती फेडले आणि किती उरले, हे शेतकऱ्याला ठाऊक नव्हते. हिशेब एकाच्याच वहीत होता, आणि ती वही दुसऱ्याला वाचता येत नव्हती.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्यात कर्जदार शेतकऱ्याला भरलेल्या रकमेची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मिळण्याची तरतूद होती. हिशेब पाहण्याचा अधिकार हा अन्यायाविरुद्धचा पहिला उपाय आहे, हे परकीय सरकारलाही मान्य करावे लागले. कागद जाळून प्रश्न सुटत नाही. कागद वाचता आला आणि तपासता आला तरच तो सुटतो. आजच्या परिभाषेत ज्याला ‘खुली माहिती’ म्हणतात, तिचे मर्म यापेक्षा वेगळे नाही.

गोप आणि नागरिक

नगराचा कारभार माहितीवर चालतो, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या कारभाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांमागे एक ‘गोप’ असावा आणि त्याने त्या कुटुंबांतील माणसे, त्यांचे व्यवसाय, आय आणि व्यय यांची नोंद ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. राज्याला प्रजेची माहिती हवी, हा त्यामागचा विचार. राजेशाहीत तो पुरेसा होता. लोकशाहीत मात्र त्याची दुसरी बाजू तितकीच आवश्यक ठरते. राज्याला नागरिकाची माहिती असते, तशी नागरिकालाही राज्याची असली पाहिजे. नगरपरिषदेला प्रत्येक घराची घरपट्टी किती थकली, हे पैशापर्यंत ठाऊक असते. त्या घरातील कर्त्या माणसाला मात्र नगरपरिषदेने गतवर्षी पाण्यावर किती खर्च केला, हे सांगता येत नाही. ही विषमता दूर करणे, हे नगर ‘स्मार्ट’ करण्याच्या वाटेवरील पहिले पाऊल आहे.

केंद्र सरकारने २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी अभियान सुरू केले. १०० शहरे निवडली गेली. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या २० शहरांच्या यादीत पुणे दुसऱ्या क्रमांकावर होते. ३१ मार्च २०२५ रोजी त्या अभियानाची मुदत संपली. नियंत्रण कक्ष, कॅमेरे, संवेदक, आखीव रस्ते अशी बरीच कामे त्यातून झाली. शिरूर आणि दौंड त्या यादीत नव्हती. मात्र यंत्रसामग्री विकत घेता येते. आपल्या नगराविषयी जाणते असणारे नागरिक विकत मिळत नाहीत. ते घडवावे लागतात, आणि त्यासाठी कोणत्याही यादीत नाव असावे लागत नाही.

ना ग्रामसभा, ना प्रभाग समिती

लहान नगरांची एक अडचण फारशी चर्चिली जात नाही. गावात राहणाऱ्या माणसाला ग्रामसभा आहे. तेथे उभे राहून तो सरपंचाला प्रश्न विचारू शकतो. महानगरात राहणाऱ्याला, निदान कायद्याच्या पुस्तकात, प्रभाग समिती आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांत अशा समित्या आवश्यक ठरवल्या. २०११ च्या जनगणनेनुसार शिरूर नगरपरिषदेची लोकसंख्या ३७ हजारांच्या आसपास आणि दौंडची ५० हजारांच्या आत. म्हणजे या नगरांतील नागरिकाला ग्रामसभाही नाही आणि प्रभाग समितीची हमीही नाही. पाच वर्षांतून एकदा मतदान करणे, एवढाच त्याचा कारभाराशी संबंध उरतो.

तोही संबंध मध्यंतरी तुटला होता. डिसेंबर २०१६ मधील निवडणुकीनंतर या नगरपरिषदांची पुढची निवडणूक झाली ती थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मुदत संपल्यानंतरची सुमारे चार वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. लोकप्रतिनिधी नसताना तक्रार कोणाकडे करायची, हे अनेकांना उमगत नव्हते. आता लोकनियुक्त सभागृहे पुन्हा आली आहेत. या काळाचा धडा एवढाच, की नागरिकाचा कारभाराशी असलेला संबंध केवळ निवडणुकीच्या धाग्यावर टांगलेला असू नये. माहितीचा धागा त्याहून चिवट असतो, कारण तो सभागृह असो वा नसो, टिकून राहतो.

दौंडचा एक आकडा

खुल्या माहितीचे सामर्थ्य काय असते, याचे उत्तम उदाहरण दौंडमध्येच आहे. मुळा, मुठा, इंद्रायणी, भामा, कुकडी, घोड या साऱ्या नद्यांचे पाणी दौंडपर्यंत येता येता भीमेत एकवटते आणि पुढे उजनी धरणात जाते. पावसाळ्यात दौंड येथे भीमेचा विसर्ग किती क्युसेक आहे, हा आकडा रोज जाहीर होतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. हा एक आकडा सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी ज्या उत्कंठेने पाहतो, तितक्या उत्कंठेने तो क्वचितच दुसरी बातमी वाचत असेल. उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. दौंडचा विसर्ग वाढला की धरण केव्हा भरेल, आवर्तन मिळेल काय, याचा अंदाज माढा, करमाळा, मोहोळ भागातील माणूस स्वतः बांधतो. धरण भरत आलेले असेल, तर पंढरपूरचा व्यापारी तोच आकडा पाहून चंद्रभागेच्या काठावरचे दुकान वेळेत आवरतो.

हा आकडा सांगण्यासाठी कोणते महागडे यंत्र लागले नाही. मोजमाप नियमित झाले, ते लपवले गेले नाही, आणि लोकांना त्याचा अर्थ कळत होता. या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे माहिती उपयोगी पडते. तिन्हींतील एक जरी गळली तरी काय होते, हे पुणेकरांनी १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा अनुभवले. धरणावर काय चालले आहे, हे ज्यांच्या घरात पाणी शिरणार होते त्यांना वेळेवर आणि स्पष्टपणे कळले नव्हते.

याच नदीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पुण्याचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या परिसरात भीमेला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे निश्चित केले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते, आणि त्यांत भीमा, मुळा, मुठा यांचा समावेश होता. नदीत किती पाणी आहे, हा दौंडचा आकडा घराघरांत पोचला आहे. ते पाणी कसे आहे, हा आकडा मात्र अजून तितका पोचलेला नाही. पाण्याच्या गुणवत्तेची तपासणी होते, नोंदी होतात. पण त्या मागणारा आणि वाचणारा समाज उभा राहिलेला नाही. पुण्यातील सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांची आकडेवारी ही पुण्यापुरती बाब नाही. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांचा तिच्यावर आधी अधिकार आहे.

आकडा आणि पायपीट

केवळ आकडेवारीने काम भागते काय? भागत नाही. लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडून रोगाचे मूळ एका सार्वजनिक पंपाशी असल्याचे दाखवले, ही कथा प्रसिद्ध आहे. या कथेतील दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. मृत्यूंची नोंद करणारे सरकारी कार्यालय होते आणि त्याच्या नोंदी स्नो यांना पाहता आल्या, ही पहिली. हेन्री व्हाइटहेड नावाचे तेथील धर्मोपदेशक घरोघर जाऊन चौकशी करत राहिले, ही दुसरी. प्रथम स्नो यांचे मत चुकीचे ठरवू पाहणारे हे गृहस्थ आपल्याच चौकशीने त्या मताचे समर्थक झाले. सरकारी नोंद, अभ्यासकाची दृष्टी आणि स्थानिक माणसाची पायपीट या तिन्हींच्या मेळातून सत्य बाहेर आले.

याच मेळाचे आपल्याकडील उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे दिसते. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने २००४ पासून पाण्याचा ताळेबंद मांडण्यास प्रारंभ केला. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्यासाठी, जनावरांसाठी किती लागेल आणि शेतीला किती उरेल, हे गावासमोर मांडले जाते. त्यावरून कोणती पिके घ्यायची, हे गाव ठरवते. पाऊस कमी तर पिके कमी पाण्याची. उसासारख्या अधिक पाणी पिणाऱ्या पिकाला गावाने आवर घातला. पर्जन्यमापकाची किंमत ती किती! परंतु त्यावरील आकडा साऱ्यांसमोर वाचला जातो आणि तो सारे मानतात, म्हणून त्याला मोल आले. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती या सामूहिक शिस्तीचीही पावती होती.

हे गावात जमले, नगरात कसे जमेल, अशी शंका येऊ शकते. तिचे उत्तर सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे आहे. वाई हे लोकसंख्येने जवळजवळ शिरूरएवढे नगर. भूमिगत गटारांचे जाळे नसलेल्या नगरात घराघरांतील शौचालयांच्या टाक्या भरून वाहू लागल्यावरच उपसल्या जातात आणि ती घाण कोठेही ओतली जाते, ही सर्वत्रची स्थिती. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या साहाय्याने या दोन नगरपरिषदांनी टाक्यांची माहिती संकलित केली, नगराचे भाग पाडले आणि २०१८ पासून प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा, ठरलेल्या वेळी उपसण्याची पद्धत सुरू केली. ठेकेदाराला मोबदला काम पाहून, खर्चाची तजवीज स्वच्छता कराच्या आधाराने, आणि उपसलेल्या मैल्यावर प्रक्रिया. या विषयात दिखाऊ असे काहीच नाही. पण कोणत्या घराखाली काय आहे, हे ज्या नगराला ठाऊक आहे, ते नगर खऱ्या अर्थाने ‘स्मार्ट’ होय.

दार उघडे आहे

यासाठी नवा कायदा हवा, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. शिरूरच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उभारलेल्या आंदोलनामुळे महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी आला. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा लागू झाला. दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्या कायद्याचे कलम ४ अधिक मोलाचे आहे. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता कार्यालयाने आपली रचना, कामे, अंदाजपत्रक, अनुदाने यांची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी, असे ते सांगते. अर्ज करावा लागणे, हे खरे तर त्या कलमाचे पालन पुरेसे न झाल्याचे चिन्ह आहे.

पुण्यात सजग नागरिक मंचाच्या विवेक वेलणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यातून सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना महानगरपालिकेच्या धारिका पाहू देण्याची प्रथा सुरू झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढून ती जिल्हा आणि त्याखालील कार्यालयांसाठी, स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी सांगितली. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालखंडासाठी नगरपरिषदांना अनुदान देताना अट घातली, की लेखे संकेतस्थळावर प्रसिद्ध केले पाहिजेत. लहान नगरांच्या या अनुदानातील ३० टक्के पिण्याच्या पाण्यासाठी आणि ३० टक्के स्वच्छतेसाठी बांधून दिलेले होते. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्येच पाणी, मलनिःसारण, घनकचरा आणि पर्जन्यजल यांसाठी २८ निकष ठरवले. त्यांनुसार दरडोई दररोज १३५ लिटर पाणी आणि गळती व हिशेबाबाहेरचे पाणी २० टक्क्यांपर्यंत, हे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत न दिल्यास अपिलाची आणि दंडाची तरतूद केली. दार अनेक वर्षांपासून उघडे आहे. आत जाणाऱ्यांची संख्या मात्र बोटांवर मोजण्याइतकी आहे.

पाच माणसे, एक विषय, एक वर्ष

मग आरंभ कोठून करावा? समाजातील कोणतेही टिकाऊ काम लहान, नियमित एकत्र येण्यातूनच उभे राहते. प्रत्येक प्रभागात पाच माणसांचा अभ्यासगट असावा. त्यात एखादा निवृत्त लेखापाल, एखादी शिक्षिका, एखादी गृहिणी, संगणक जाणणारा एखादा विद्यार्थी आणि त्या वस्तीची खडान् खडा माहिती असलेला एखादा दुकानदार असला तर उत्तम. गटाने एकच विषय घ्यावा आणि तो वर्षभर सोडू नये.

विषय पाणी घेतला असे समजू. दहा गल्ल्यांतील दहा गृहिणींनी नळाला पाणी केव्हा आले, किती वेळ होते आणि ते गढूळ होते काय, हे रोज वहीत टिपावे. महिन्याच्या शेवटी विद्यार्थ्याने त्याचा तक्ता करावा. लेखापालाने नगरपरिषदेचा पाणीपुरवठ्यावरील खर्च आणि पाणीपट्टीची वसुली पाहावी. मग तो एक पानी तक्ता वाचनालयात, मंदिराच्या फलकावर, रेल्वे स्थानकाबाहेर लावावा आणि त्याची प्रत मुख्याधिकारी व नगरसेवकांना आदराने द्यावी. ‘आमच्या भागात पाणीच येत नाही’ या वाक्याला अधिकाऱ्याजवळ तयार उत्तर असते. ‘गेल्या तीस दिवसांपैकी अकरा दिवस पाणी चाळीस मिनिटांहून कमी आले’ अशी नोंद समोर ठेवली, तर उत्तर देण्यासाठी त्यालाही स्वतःची नोंद काढावी लागते. संवाद तेथून सुरू होतो.

दुसरे पाऊल अंदाजपत्रकाचे. १ एप्रिलला आर्थिक वर्ष सुरू होते; त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतच नागरिकांच्या सूचना नगरपरिषदेकडे पोचायला हव्यात. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये अंदाजपत्रकात लोकांना सहभागी करून घेतले आणि पुणे महानगरपालिकेनेही २००६ पासून नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत अवलंबली. सूचना मागवणे सोपे असते. सुचवलेले काम घेतले की नाही, घेतले नसल्यास का, हे सुचवणाऱ्याला कळवणे अवघड असते. आणि लोकांचा विश्वास नेमका त्यावरच ठरतो. नव्याने निवडून आलेल्या सभागृहांनी एवढी एक शिस्त पाळली, तरी मोठे काम होईल.

काही पथ्ये

या कामाला पथ्येही आहेत. माहिती कारभाराची खुली व्हावी, व्यक्तीची नव्हे. कोणाची घरपट्टी थकली, कोणाच्या घरी कोणता आजार आहे, हे फलकावर लावणे म्हणजे पारदर्शकता नव्हे. अशी माहिती जपण्यासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. मात्र त्याच कायद्याने माहिती अधिकारातील एक कलम बदलले, आणि त्याच्या आडोशाने कारभाराची माहिती झाकली जाऊ नये, यासाठीही जागरूक राहावे लागेल. दुसरे पथ्य असे, की स्मार्टफोनवरून आलेली तक्रार म्हणजे साऱ्या नगराचा आवाज नव्हे. ज्या वस्तीत पाणी सर्वांत उशिरा येते, तेथून तक्रार बहुधा सर्वांत कमी येते. अभ्यासगटाने प्रथम तेथे गेले पाहिजे. तिसरे, आकडा कोणाला खाली पाडण्यासाठी वापरला की दुसऱ्या दिवसापासून आकडे मिळणे बंद होते. सफाई कामगार आणि कनिष्ठ लिपिक हे या कामातील सहकारी आहेत. त्यांच्याजवळ नगराची जी माहिती असते, ती कोणत्याही संगणकात नसते.

आणि चौथे पथ्य स्वतःसाठी. हिशेब मागणाऱ्याचा स्वतःचा हिशेब चोख असावा. थकलेली पाणीपट्टी भरून मगच पाण्याविषयी प्रश्न विचारावा. कचरा वेगळा करून मगच घंटागाडीची नोंद ठेवावी. अधिकाराला कर्तव्याची जोड मिळाली, की प्रश्नाला वजन येते.

घोडचे पाणी दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते आणि दोन नगरांचे भवितव्य नकळत जोडते. दोन्ही नगरांतील पाच-पाच माणसांनी येत्या सोमवारी दुपारी तीन वाजता आपापल्या नगरपरिषदेत जावे, गतवर्षीच्या पाणीपुरवठ्याच्या खर्चाची धारिका नम्रपणे मागावी, ती वाचावी आणि पुढच्या सोमवारी पुन्हा जावे. वर्षाअखेरीस दोन्ही गटांनी एकत्र बसून आपापले तक्ते शेजारी शेजारी ठेवावेत. त्या दिवशी या नगरांचा ताळेबंद पहिल्यांदा त्यांच्या नागरिकांच्या हाती आलेला असेल.